फुल लॉक वळणावर गाडी कधी बंद पडते, कधी उसळते: क्लच, वायर की हात?

तक्रार जवळजवळ सगळ्यांची सारखीच. मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवल्या आहेत, त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे चालू आहेत. पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, उभं राहायचं, पहिला गिअर, हँडल एका बाजूला पूर्ण वळवलेलं, म्हणजे फुल लॉकला. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं झकास जातात. मग वळणाच्या मध्यावर गाडी पटकन बंद पडते आणि आतल्या बाजूला आडवी होते. नाहीतर क्लच दाबलेला असतानाही पुढे उसळी मारते. न्यूट्रल शोधून सापडत नाही. मेकॅनिककडे नेली की तो म्हणतो, "भिया, वायर ढीली थी, कस दी." आठवडाभर ऑफिसला जाताना गाडी ठीक वाटते आणि पुढच्या रविवारी मैदानात पुन्हा तेच.

ट्रायल्स म्हणजे वेगाची नाही, पाय न टेकता अवघड वाटेवरून गाडी काढण्याची स्पर्धा. इंदूरमध्ये त्या पद्धतीने गाडी शिकणारे आम्ही मूठभर लोक. कुणाकडे एक्सपल्स, कुणाकडे बंद झालेली इम्पल्स, एकाकडे वडिलांची आरएक्स १००. खरी ट्रायल्सची गाडी वेगळीच चीज असते. वजन ७० किलोच्या आसपास, बसायला सीटच नाही, पाण्याने थंड होणारं इंजिन आणि त्याला पंखा, हायड्रॉलिक क्लच एका बोटाने दाबता येईल इतका हलका, आणि पहिला गिअर इतका खालचा की माणूस रमतगमत शेजारून चालू शकेल. आपल्या गाड्या रस्त्यासाठी किंवा फार तर कच्च्या वाटेसाठी बनलेल्या. एक्सपल्स २०० चं वजनच दीडशे किलोच्या वर. तिच्याकडून चालण्याच्या वेगाने वळणं काढून घ्यायची म्हणजे सगळा भार अर्ध्या दाबलेल्या क्लचवर येतो. दुखणं तिथून सुरू होतं, पण प्रत्येक वेळी तिथेच असतं असं नाही, आणि "क्लच प्लेट गेली" हा निकाल घाईने लावण्यात पैसे वाया जातात.

पाना हातात घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. त्रास एकाच बाजूच्या वळणावर होतो की दोन्हीकडे? गाडी थंड असताना होतो की तापल्यावरच? आणि तुम्हीच चालवताना होतो की त्याच गाडीवर दुसरा बसला तरी होतो? या तीन उत्तरांनी निम्म्याहून जास्त शक्यता गाडीचा एक बोल्ट न उघडता गळून पडतात.

एकाच बाजूला होत असेल तर

गाडी मेन स्टँडवर घ्या. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी मागून सरळ धरायला सांगा. इंजिन चालू करून न्यूट्रलमध्ये स्थिर होऊ द्या. आता रेसला हात न लावता हँडल सावकाश डावीकडे पूर्ण वळवा, मग उजवीकडे. इंजिनचा आवाज जराही बदलता कामा नये. एका बाजूला आवाज चढला तर एक्सिलरेटरची वायर त्या बाजूला ताणली जातेय. ती बहुधा टाकी किंवा हेडलाइट काढून बसवताना चुकीच्या जागेतून गेलेली असते, किंवा हँडल उंच करणारे राइझर लावल्यावर मूळ वायर तोकडी पडते. मुठीला, म्हणजे तिच्या कडेशी मोजल्यावर, २ ते ६ मिलिमीटर मोकळी ढील हवी, आणि ती दोन्ही लॉकवर टिकायला हवी. सरळ हँडलवर मोजून समाधान मानू नका.

हीच परीक्षा क्लचच्या वायरची. सरळ असताना लीव्हरला ढील आहे आणि एका लॉकवर ती नाहीशी होते, तर त्या वळणावर तुम्ही बोट न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मग इंजिन नुसतं घुरघुरतं, चाकाला ताकद पोचत नाही, तुम्ही रेस वाढवता आणि हँडल सरळ होताच गाडी सुटते. लोक याला "उसळणं" म्हणतात. वायर मोकळ्या वाटेने पुन्हा नेली की हा त्रास पाच मिनिटांत संपतो.

तिसरी शक्यता फसवी आहे. इंजिन चढत-उतरत नाही, सरळ मरतं, आणि तेही फक्त एका लॉकवर. त्या क्षणी मीटरचे दिवे पाहा. दिवेही गेले असतील तर दोष विजेचा. इग्निशन स्विचकडून येणाऱ्या तारा हँडलच्या मानेपाशी हजारो वेळा वाकतात, आतलं तांबं तुटतं आणि वरचं प्लास्टिक शाबूत राहतं, म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन चालू ठेवून हँडल न हलवता तारांचा तो जुडगा बोटांनी हळूच हलवून पाहा. नव्या गाड्यांत साइड स्टँडला स्विच असतो. त्यात माती भरली की खड्ड्यातल्या धक्क्यानेही इंजिन बंद होतं, पण त्याला डावं-उजवं कळत नाही, म्हणून तो वेगळा ओळखता येतो.

जाता जाता कोन सेट, म्हणजे हँडलच्या मानेतली बेअरिंगं, हीही बघून घ्या. पुढचं चाक अधांतरी करून हँडल मधून हळूच ढकला. मध्यावर खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगवर खड्डे पडले आहेत, आणि अशी गाडी कमी वेगात कधीच सरळ तोलून धरता येणार नाही. तोल येत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या किती जणांचा कोन सेट खराब असेल कोण जाणे.

तापल्यावरच होत असेल तर

खरा घोळ इथे आहे, आणि तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचं कारणही इथेच आहे.

क्लचमध्ये घर्षणाच्या आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. अर्धा क्लच धरून फेरे मारले की त्या एकमेकींवर घासून तापतात. तापल्या की फुगतात. एकेक प्लेट केसभर फुगली तरी सगळ्या मिळून फरक जाणवण्याइतका होतो. गठ्ठा जाड झाला की लीव्हरची ढील वाढते. जी पकड आधी लीव्हर अर्धा सोडल्यावर यायची, ती आता लीव्हर मुठीपासून सुटतो न सुटतो तोच येते, आणि पूर्ण दाबूनही प्लेटा नीट सुट्या होत नाहीत. म्हणून न्यूट्रल लागत नाही, क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकत राहते, आणि वळणाच्या मध्यावर तुम्ही ब्रेक दाबला की इंजिन मरतं.

अशा वेळी हमखास केलं जातं ते म्हणजे तापलेल्या गाडीवरच लीव्हरजवळचा अॅडजस्टर फिरवून वायर आवळायची. लगेच बरं वाटतं. अर्ध्या-पाऊण तासाने गाडी थंड होते, प्लेटा पुन्हा आक्रसतात आणि ढील उरतच नाही. म्हणजे घरी परतताना, राऊच्या चढावर किंवा बायपासला, क्लच नकळत थोडा दाबलेलाच असतो. तो सरकतो, घासतो, आणखी तापतो, प्लेटा काचेसारख्या गुळगुळीत होतात. पुढच्या रविवारी त्या लवकर तापतात, पुन्हा वायर आवळली जाते. मेकॅनिकने केलं तरी हेच होतं, कारण गाडी त्याच्या दारात पोचते तेव्हा ती गरमच असते.

तेव्हा नियम एकच: ढील मोजायची आणि ठरवायची ती थंड गाडीवर, सकाळी. लीव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर ही आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांची मर्यादा. सरावासाठी मी ती खालच्या टोकाला, १० ते १२ च्या आसपास ठेवतो. मैदानात लीव्हर सैल लागायला लागला की अॅडजस्टरला हात लावायचा नाही, इंजिन बंद करून सावलीत बसायचं. फारच अडचण असेल तर अर्धा फेरा आवळा, पण किती फिरवला ते लक्षात ठेवून घरी निघण्याआधी तेवढाच परत सैल करा.

कुणी विचारत नाही असा एक प्रश्न इथे फार उपयोगी पडतो: गेल्या काही महिन्यांत थंड गाडीवर वायर आवळावी लागतेय की सैल करावी लागतेय? सतत आवळावी लागत असेल तर वायर ताणली जातेय, किंवा तिचे एकेक धागे तुटताहेत. लीव्हरजवळची गोळी आणि तिच्याखालचा इंचभर भाग तपासा, धागे तिथेच आधी तुटतात. उलट ढील आपोआप कमी होत जाऊन वायर सैल करावी लागत असेल, तर प्लेटा झिजताहेत. दोन्ही आजार "क्लचचा त्रास" याच नावाने ओळखले जातात, उपाय मात्र वेगळे आणि खर्चही वेगळा.

मालव्यातल्या मे महिन्याचाही हिशेब धरा. पारा चाळिशीच्या वर, गाडी चालण्याच्या वेगात, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळतच नाही. दहा मिनिटं फेरे, मग पाच मिनिटं मोकळ्या वाटेवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरवून आणायची. सकाळी साडेनऊनंतर आम्ही सराव थांबवतो. पोह्यांची दुकानं उघडी असतात हे त्याचं एकमेव कारण नाही.

ऑइलकडे बघा

चार स्ट्रोकच्या आपल्या गाड्यांत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणजे क्लच जळला की त्याचा कीस सगळ्या इंजिनात फिरतो. आरएक्स १०० सारख्या दोन स्ट्रोकच्या गाडीत गिअर आणि क्लचचं ऑइल वेगळं असतं, जळणारं टूटी ऑइल वेगळं, म्हणून तिथलं नुकसान निदान गिअरबॉक्सपुरतं राहतं. ते गिअर ऑइल बदलायचं असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं, हा भाग वेगळा.

डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं हवं. ओल्या क्लचसाठी केलेलं वर्गीकरण तेच. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं. त्यात घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती स्कूटरच्या इंजिनाला चांगली पण ओल्या क्लचला घातक, कारण प्लेटा सरकायला लागतात. कारच्या ऑइलचंही बहुधा तेच. "घरात उरलं होतं" म्हणून ओतलेलं कारचं ऑइल हे क्लच सरकण्याचं मी पाहिलेलं सगळ्यात स्वस्त आणि म्हणून सगळ्यात महाग कारण आहे. जाडी मात्र मॅन्युअलमध्ये असेल तीच ठेवा, १०डब्ल्यू-३० सांगितलं असेल तर "गर्मी आहे" म्हणून उगाच २०डब्ल्यू-५० वर जाऊ नका. जाड ऑइलमध्ये थंड प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि सकाळी पहिला गिअर टाकताच गाडी पुढे झेपावते. थोडी झेप तशीही नैसर्गिकच. गिअर टाकण्याआधी क्लच दाबून गाडी दोनदा पुढे-मागे ढकलली की प्लेटा सुटतात.

ऑइल बदलण्याचं अंतर कंपनीने रस्त्यासाठी दिलेलं असतं. फेऱ्यांच्या सरावात किलोमीटर वाढतच नाहीत, तास वाढतात. म्हणून मीटर पाहू नका. डिपस्टिकला जळका वास आला, ऑइल काळं आणि पातळ झालं, की काढून टाका.

प्लेटा उघडायच्या तर

सरकतोय की नाही याची खात्री रस्त्यावर करा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगाला रेस एकदम उघडा. आवाज चढला आणि वेग त्या मानाने चढला नाही, तर क्लच सरकतोय. ढील आणि ऑइल दोन्ही बरोबर असूनही सरकत असेल तरच कव्हर उघडण्यात अर्थ आहे.

पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी डाव्या अंगावर जुन्या गादीवर आडवी केली तर ऑइल न काढताही उजवं कव्हर उघडता येतं. पण एवढं उघडतोच आहोत तर ऑइल बदलावं हे माझं मत. स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या असतील तर त्या जास्त तापल्यात. काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून फीलर गेजने वाकडेपणा पाहा. घर्षणाच्या प्लेटांची जाडी व्हर्नियरने मोजा आणि स्प्रिंगची मोकळी लांबीही, दोन्हींच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये असतात. आणि जिकडे मेकॅनिक सहसा बघत नाही तिकडे नक्की बघा: प्लेटांचे दात ज्या बाहेरच्या बास्केटच्या खाचांत सरकतात, त्या खाचांच्या कडांवर. तिथे प्लेटांनी ठोकून ठोकून खड्डे पाडलेले असतात. प्लेट त्या खड्ड्यात अडकते, नीट सरकत नाही, आणि नव्या कोऱ्या प्लेटा घालूनही क्लच झटके देतच राहतो. खड्डे उथळ असतील तर बारीक कानशीने सपाट होतात, खोल असतील तर बास्केट बदलणं आलं.

नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर त्याच ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. ते ६ मिलिमीटरचे असतात आणि अॅल्युमिनियमच्या खुंट्यांत बसतात. १० ते १२ न्यूटन-मीटर पुष्कळ झालं. मनगटाचा जोर दाखवायला गेलं तर खुंटी तुटते.

तुम्ही चालवतानाच होत असेल तर

दुसऱ्या कुणी त्याच गाडीवर त्याच विटांभोवती पाच फेरे मारले आणि काहीच झालं नाही, तर आता राग मानायचा नाही.

डावीकडे वळताना उजवा हात बाहेरचा होतो. हँडल लॉकला गेलं की मूठ अंगापासून लांब जाते, हात ताणला जातो, मनगट खाली बसतं आणि नकळत रेस उघडते. गाडी डावीकडे उसळते ती अशी. उजवीकडे वळताना हेच डाव्या हाताचं होतं. तो ताणला जातो, क्लचवरचं बोट निसटतं, क्लच पूर्ण पकडतो आणि इंजिन मरतं. म्हणून "डावीकडे उसळते, उजवीकडे बंद पडते" असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा हात किती पोचतो ते बघतो, वायर नंतर. वर सांगितलेली उभ्या गाडीवरची परीक्षा पास झाली असेल तर दोष जवळजवळ नक्की हाच.

उपाय हातात नसून कंबरेत आहे. बाहेरचा हात ताणला जातो कारण अंग गाडीबरोबर आत झुकतं. कमी वेगाच्या वळणात गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेर ठेवायचं, रस्त्यावर वेगात वळताना करतो त्याच्या बरोबर उलट. डावीकडे वळताना वजन उजव्या पेगवर, कंबर उजवीकडे आणि किंचित पुढे, गुडघे सैल. वजन बाहेरच्या पेगवर नीट गेलं की आतला पाय पेगवर नुसता ठेवल्यासारखा होतो, आणि खांदे हँडलबरोबर फिरवले की बाहेरची मूठ हाताच्या आवाक्यात राहते. सुरुवातीला इंजिन बंद ठेवून, कुणाला तरी गाडी धरायला सांगून ही अवस्था दोन्ही लॉकवर अंगवळणी पाडा. दिसायला वेडगळ दिसतं. मैदानाशेजारून जाणारे ट्रॅक्टरवाले थांबून बघतात, बघू द्या.

बोटं: क्लचवर एक, फार तर दोन. चार बोटांनी क्लच धरणाऱ्याचा क्लच एकतर पूर्ण दाबलेला असतो नाहीतर पूर्ण सुटलेला, मधलं काही त्याच्याकडे नसतं. एका बोटाने दाबायला जड जात असेल तर लीव्हरचा क्लॅम्प सैल करून तो हँडलवर आत सरकवा, म्हणजे बोट लीव्हरच्या टोकाजवळ येईल. टोकाला जोर कमी लागतो. तरीही जड असेल तर वायर काढून उभी टांगा आणि वरून पातळ तेल खालून स्वच्छ निघेपर्यंत सोडा. उन्हाळ्यातली आपली बारीक धूळ वायरच्या आत जाऊन बसते.

रेस स्थिर ठेवा, आयडलपेक्षा (मूठ न पिळता इंजिन चालतं त्यापेक्षा) जराशी वर, आणि वेग मागच्या ब्रेकने मारा. नवशिक्याला हे पटत नाही, कारण रेस आणि ब्रेक एकाच वेळी ही रस्त्यावरची चूक समजली जाते. इथे ती पद्धतच आहे. मागचा ब्रेक हलका दाबलेला असला की चेनमधली ढील एका बाजूला ताणलेली राहते आणि गाडी धक्के न देता सरकते. वळणाच्या मध्यावर रेस पूर्ण बंद केली की तोल जातो, कारण गाडीला उभं ठेवणारा जो थोडा ओढा होता तोच काढून घेतला जातो. आणि हँडल लॉकला असताना पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. का, ते एकदा लावून बघितलं की कळतं, पण गुडघ्याला पॅड बांधलेले असतानाच बघा.

नजर पुढच्या चाकावर गेली की वळण तुटतं. विटेवर पोचण्याआधीच पुढच्या विटेकडे बघायला लागा, त्यासाठी मान हनुवटी खांद्याला लागेपर्यंत वळवावी लागते.

एवढा आटापिटा एका वळणासाठी का, असं नवीन आलेला कुणीतरी विचारतोच. ट्रायल्समध्ये वेगाला गुण नसतात. आखलेल्या पट्ट्यात पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, दोनदा २, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तर ३, आणि गाडी पडली किंवा सीमारेषेबाहेर गेली तर ५. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून जगज्जेतेपदं जिंकत आलाय. त्याच्या दोन माणसं उंच दगडांवरच्या उड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, पण त्या उडीआधी त्याने किती अरुंद जागेत गाडी वळवून आणलीय ते कुणी बघत नाही. वळण जमलं नाही तर दगडापर्यंत सरळ रेषेत पोचताच येत नाही.

चाक आणि जमीन

हवा कमी करणं हा ट्रायल्सवाल्यांचा पहिला मंत्र, पण तो आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. खऱ्या ट्रायल्स गाडीच्या मागच्या ट्यूबलेस टायरमध्ये ४-५ पीएसआय एवढीच हवा असते. आपल्या तारांच्या चाकांत ट्यूब आहे. इकडचा काळा बेसॉल्ट धारदार, त्यावर कमी हवेचं चाक आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. मैदानात मी १५ च्या खाली जात नाही, आणि पंप सोबत नसेल तर हवा काढतच नाही, कारण त्या हवेवर घरापर्यंत डांबरावरून येणं धोक्याचं. व्हॉल्व्हची नळी तिरकी झालेली दिसली तर समजा टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला सोबत ओढतोय. तिथेच हवा भरा, नाहीतर नळी मुळापासून तुटेल.

जागा मुरमाची निवडा. सिमरोल-चोरलकडे खंडवा रोडच्या आजूबाजूला, महूच्या बाजूला अशी उघडी माळरानं आहेत. शेतकऱ्याला विचारून जायचं, सोयाबीन किंवा गहू उभा असताना बांधालाही चाक लावायचं नाही. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे गाडी घालण्याचा विषयच काढू नका. पावसाळ्यात काळ्या मातीत सराव करण्याचा मोह होतो, तो टाळा. ही माती मडगार्ड आणि टायरमध्ये भरून चाकच थांबवते, आणि मग क्लचवर जो ताण येतो त्याने वर लिहिलेलं सगळं एका दुपारीत घडतं. गेलातच तर पुढच्या गरारीचं, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाचं, झाकण उघडून आतली माती त्याच दिवशी काढा, ती वाळल्यावर विटेसारखी होते.

तरीही धक्के येत असतील तर

सगळं तपासलं, हातही सुधारला, आणि रेस उघड-बंद करताना गाडी अजून धक्के देतेय. आता मागे जा. चेनची ढील चाक फिरवत चार ठिकाणी मोजा. एके ठिकाणी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर चेन-गरारीचा सेट संपलाय, आवळून उपयोग नाही. मागचं चाक धरून मोठी गरारी हाताने पुढे-मागे हलवा. बरीच हलत असेल तर हबमधले कपलिंग रबर बसलेत, ते स्वस्तात बदलतात आणि फरक लगेच जाणवतो. तापल्यावर आयडलच खाली बसत असेल, तर थंड इंजिनावर टॅपेटची, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची, फट मोजून घ्या. टॅपेट आवाज करत नाही म्हणून ते ठीक आहे असं मानू नका, एक्झॉस्टची फट कमी झाली की आवाज उलट बंदच होतो.

आणि शेवटचा उरतो तो पहिला गिअरच. आयडलवर क्लच पूर्ण सोडला तरी गाडी चालणाऱ्या माणसाच्या पुढे पळत असेल, तर तुम्हाला कायम अर्ध्या क्लचवर राहावं लागणार आणि तो तापणारच. पुढची गरारी एक दात कमीची लावा. १४ च्या जागी १३ म्हणजे त्याच आरपीएमला वेग सुमारे ७ टक्क्यांनी कमी. हाच परिणाम मागे साधायचा तर ४० च्या जागी ४३ दात लागतील आणि चेनही बहुधा वाढवावी लागेल. पुढची छोटी केल्यावर चेन स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) पट्टीला जास्त घासते, ती पट्टी महिन्याभराने बघा. मागचं चाक थोडं मागे सरकवून ढील पुन्हा जुळवा, आणि ढील तपासताना कुणाला तरी सीटवर बसवा, कारण लांब सस्पेन्शनच्या गाडीत रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन माणूस बसल्यावर ताठ होते. महामार्गावर इंजिन जरा जास्त ओरडेल. भोपाळला रोज जाणाऱ्याने हा बदल करू नये, बाकीच्यांना चालण्यासारखा आहे.